आठवारी नेसून आकाशात

स्कॉटलंडच्या किल्टविषयी कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाला सांगायचे, तर आरंभ वारापासूनच करावा लागेल. हाताने शिवलेल्या उत्तम किल्टला आठ वार कापड लागते. आपल्या नऊवारीपेक्षा अवघा एक वार कमी. दुप्पट पन्ह्याचे चार वार लोकरी कापड घ्यायचे, ते मधोमध उभे चिरायचे आणि एकापुढे एक जोडून आठ वार करायचे. त्यातले बहुतेक कापड पाठीमागच्या निऱ्यांत जाते. त्या निऱ्या अशा बसवाव्या लागतात की घडी पडल्यावरही टार्टनचे चौकडे एका ओळीत जुळून दिसावेत. पुढचे दोन पदर मात्र सपाट, एकावर एक येणारे आणि उजव्या कमरेवर चामडी पट्ट्यांनी व बकलांनी आवळलेले. जाड कापडाचा असा किल्ट दोन किलोंच्या आसपास भरतो. किंमत म्हणाल, तर काहीशे पौंड.

एवढे मोलाचे आणि वजनाचे वस्त्र विमानाने परदेशी न्यायचे कसे, हा प्रश्न एडिनबर्गच्या त्या गृहस्थांसमोर होता. वय साठीच्या पुढे, नोकरीतून निवृत्त, आणि धाकट्या मुलीचे लग्न न्यूयॉर्कला. पेटीत घातला तर निऱ्या मोडणार. शिवाय पेटी दुसऱ्याच गावी गेली, तर वधूपित्याने मांडवात उभे राहायचे कशात? अंगावरचे वस्त्र मात्र कोणतीही विमान कंपनी हरवू शकत नाही, आणि त्याचे वजनही सामानात धरले जात नाही. हिशेब सरळ होता. नेसूनच जायचे असे त्यांनी ठरवले.

बाहेरच्यांना यात हौस दिसते, क्वचित विक्षिप्तपणाही दिसतो. स्कॉटलंडमध्ये तसे कोणी मानत नाही. लग्नाला, पदवीदानाला, अंत्यविधीला किल्ट नेसणारे लोक तिथे आजही घरोघर आहेत. जून 2024 मध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धेसाठी स्कॉटलंडचे पाठीराखे म्युनिकला निघाले, तेव्हा कित्येक विमानांतून किल्टधारीच दिसत होते. 14 जूनच्या पहिल्याच सामन्यात जर्मनीने त्यांच्या संघाला 5-1 असे हरवले. त्यामुळे कोणी किल्ट उतरवून ठेवल्याचे ऐकिवात नाही. पन्नास जणांत पन्नासावा होऊन नेसणे सोपे असते. पहाटेच्या विमानाला एकट्याने नेसून जाणे निराळे.

या वस्त्राने सरकारी करडी नजर पूर्वीही सोसली आहे. एप्रिल 1746 मध्ये कलोडनच्या माळावर हायलंडरांचा मोड झाला आणि त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला की स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील पुरुषांनी व मुलग्यांनी हा पोशाख करायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. सूट होती ती राजाच्या पलटणीत शिपाई झालेल्यांना. बंदी उठली 1782 मध्ये. पुढे 1822 साली चौथा जॉर्ज राजा एडिनबर्गला आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा असा थाट मांडला की राजाने स्वतःच किल्ट परिधान केला. छत्तीस वर्षे ज्या वस्त्रापायी तुरुंगाची धास्ती होती, तेच चाळीस वर्षांनी राजाच्या कमरेला! वस्त्रांचे भाव चढतात नि उतरतात, हे व्यापाऱ्याला नवे नाही; पण एवढी चढ क्वचितच.

विमानतळावरची अडचण मात्र कायद्याची नसून धातूची आहे. पुढच्या पदरावर एक मोठी टाचणी, कमरपट्ट्याला तळहाताएवढे बकल, आणि समोर साखळीने टांगलेली ‘स्पोरन’ नावाची थैली. किल्टला खिसा नसतो. म्हणून पारपत्र, पैसे, किल्ल्या सारे त्या थैलीत. याशिवाय पूर्ण पोशाखात उजव्या पायमोज्यात खोचलेली एक लहान सुरी असते, तिला ‘स्कीअन दू’ म्हणतात. स्कॉटलंडच्या 1995 च्या फौजदारी कायद्यात सार्वजनिक जागी पाते बाळगणे गुन्हा आहे. पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगले असेल, तर तो बचाव मान्य होतो. धर्माचे कारणही तिथेच दिलेले आहे. हा बचाव विमानाच्या दारात मात्र संपतो. सुरी हातातल्या पिशवीत चालत नाही, ती खाली जाणाऱ्या पेटीतच ठेवावी लागते. आपल्याकडे शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण नेता येते, पाते 6 इंचांपर्यंत आणि एकूण लांबी 9 इंचांपर्यंत. त्याच्या तुलनेत हायलंडरची बाजू कमजोर म्हणावी लागेल. गृहस्थांनी सुरी आदल्या रात्रीच गुंडाळून पेटीच्या तळाशी घातली.

खरा पेच स्पोरनचा होता. त्यांच्या घरी आजोबांची थैली होती, सीलच्या केसाळ कातड्याची. आजोबांनी ती लग्नात बांधली, वडिलांनी बांधली, त्यांनी स्वतः बांधली. प्रवासाआधी नियम चाळताना त्यांना कळले की अमेरिकेत 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने सीलच्या कातड्याच्या वस्तू आणायला मनाई आहे. युरोपीय संघानेही 2009 मध्ये अशा वस्तूंच्या व्यापारावर निर्बंध घातले. अमेरिकी कायद्यात एक पळवाट आहे. त्या कायद्याआधीची वस्तू असल्याचे कागदोपत्री दाखवता आले, तर परवानगी मिळू शकते. पण आजोबांनी पावती कुठे जपली होती? त्यांचा एक जुना लग्नाचा फोटो सापडला. त्यात थैली दिसत होती. ती हीच, हे फोटो कसे सांगणार?

शपथपत्र लिहायला ते बसले. अर्धे लिहूनही झाले. मग त्यांना आठवले की ज्या मुलीच्या लग्नासाठी ही खटपट, तिने दहा वर्षांची असताना त्या थैलीवरून हात फिरवला होता आणि हे कोणाचे केस, असे विचारले होते. उत्तर ऐकल्यावर तिने हात मागे घेतला, तो पुन्हा कधी लावला नाही. त्या वेळी त्यांनी ते बालिशपणात जमा केले होते. आता मात्र कागद तसाच अर्धा राहिला. आजोबांची आठवण एका पारड्यात आणि लेकीचा मागे घेतलेला हात दुसऱ्या. निर्णयाला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी थैली कपाटात परत ठेवली आणि दुकानातून साधी नवी आणली. तीही चामड्याचीच. त्यांचा विचार तेवढ्यावर थांबला. अहिंसेच्या घरात वाढलेल्या वाचकाला ते अपुरे वाटेल, पण त्या घरात तेवढी मजलही लहान नव्हती.

विमानतळावर त्यांनी टाचणी, पट्टा आणि थैली तिन्ही तबकात घातली. शेजारच्या रांगेतला सुटाबुटातला प्रवासी पट्टा काढून दोन्ही हातांनी विजार सावरत चालला होता. किल्ट स्वतःच्या बकलांवर उभा असतो, त्याला पट्टा केवळ शोभेचा. म्हणून हे ताठ मानेने कमानीखाली गेले. कमान वाजली. कमरेची बकले! ती काढली, तर वस्त्रच सुटणार. तरुण अधिकारी क्षणभर गोंधळला. तपासायचे ते हातानेच, आणि पाठीमागे निऱ्यांचे थरावर थर. आडोशाच्या खोलीत चला, असे त्याने हलक्या आवाजात सुचवले. रांगेतल्या कोणीतरी तो जुना प्रश्न विचारलाच, आत काय घातले आहे म्हणून. शतकभर घासून गुळगुळीत झालेला विनोद! शहाणे प्रवासी आत आखूड विजार घालतात, त्यांनीही घातली होती. तरी अनोळखी हातांनी निऱ्या चाचपल्या जाताना त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सारे दोन मिनिटांत झाले. अधिकारी शेवटी म्हणाला की त्याच्या लग्नात त्यानेही नेसला होता, पण भाड्याचा.

विमानात बसण्याचीही एक रीत आहे. बसताना दोन्ही तळहातांनी मागच्या निऱ्या खाली सपाट करत बसायचे, नाहीतर सात तासांत त्यांची रया जाते. थैली बगलेकडे सरकवायची, म्हणजे आसनाचा पट्टा नीट लागतो. गुडघ्यांचे भान मात्र अखंड ठेवावे लागते. नऊवारीतल्या बाईला जी मोकळीक काष्टा देतो, ती इथे नाही. बाकी कमरेभोवती आठ वार लोकर असल्यावर विमानातल्या गारठ्याचे काय! हवाई सुंदरीने कांबळ पुढे केले, ते त्यांनी शेजारणीला दिले.

आणि आकाशाला टार्टन काही नवे नाही. 1970 ते 1988 या काळात ब्रिटिश कॅलेडोनियन कंपनीच्या हवाई सुंदरींचा गणवेशच टार्टनचा होता. त्याहून उंचीची गोष्ट म्हणजे नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 मधून ॲलन बीन हे अंतराळवीर चंद्रावर उतरले, ते आपल्या मॅकबीन कुळाच्या टार्टनचा तुकडा बरोबर घेऊन.

न्यूयॉर्कला जकातीच्या खिडकीवरचा माणूस थैलीकडे वाकून पाहत राहिला. कातडे कशाचे, एवढेच त्याने विचारले. गाईचे, असे उत्तर मिळताच त्याने शिक्का मारला. बाहेर मुलगी उभी होती. तिने आधी निऱ्या पाहिल्या, मग थैली. पणजोबांची का नाही आणली, असे तिने विचारले नाही. टाचणी लावायची राहिली होती. ती तिने थैलीतून काढून घेतली आणि तिथेच, गर्दीत वाकून, पदरावर नीट लावून दिली.