दसरा आणि दिवाळीच्या मधले बारा दिवस



मूडबिद्रीला जायचं तर महामस्तकाभिषेकाला नाही तर नाताळच्या सुट्टीत, असं आपल्याकडे ठरलेलं आहे. बस भरते, दोन दिवसांत धर्मस्थळ, वेणूर, कार्कळ, मूडबिद्री असं उरकतं आणि घरी आल्यावर कुठली मूर्ती कुठली हे फोटो बघून आठवावं लागतं. मीही पूर्वी तशी दोनदा जाऊन आले आहे. ह्या वेळी आम्ही दसरा झाल्यावर गेलो आणि बारा दिवस राहिलो. दसऱ्यापर्यंत मंगळूरकडे गर्दी असते. पुढे तिकडच्या शाळा सुरू होतात, आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्ट्या लागलेल्या नसतात. मधले हे दिवस कोणाचेच नाहीत. खोलीचं भाडं सुट्टीतल्या भाड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पडलं. बी.कॉम.ची सवय आहे, त्यामुळे वहीत सगळं लिहून ठेवलं आहे.

जायचं खरं कारण आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का. वैशाखात अण्णा गेले आणि अक्कांचं बोलणं बंदच झालं म्हणा. विचारलं तर हो-नाही एवढंच. बस्तीत जाणंही थांबलं, कारण पायरीवरच चारचौघी विचारायच्या, कसं झालं, शेवटी काय बोलले. विचारणाऱ्यांचं मन चांगलंच असतं, पण रोज तेच किती वेळा सांगायचं? दशलक्षणाचे दहाही दिवस त्यांनी घरातच पूजा केली. मुलगा डॉक्टरांकडे न्यायचं म्हणत होता. मी म्हटलं, ते कराच, पण आधी माझ्याबरोबर पाठवा.

चातुर्मासात प्रवास कसा, असं काहींनी विचारलं. विहार थांबतो तो साधूंचा. आपण गृहस्थांनी मर्यादा घालून घ्यायची. मी निघतानाच देशव्रत घेतलं: मूडबिद्री, कार्कळ, वेणूर, वरंग आणि एक दिवस समुद्र, यापलीकडे जायचं नाही. ह्यांना मुर्डेश्वर बघायचं होतं, ते राहिलं. पण सीमा ठरल्यामुळे धावपळच संपली. एकाच बसदीत चार सकाळी गेलो तरी काही चुकलं असं वाटायचं नाही.

मिरजेहून रेल्वेने बेळगाव, लोंढा, मडगाव करत उडुपी, पुढे बसने. किनाऱ्यालगत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक अजून चालू होतं, म्हणून गाड्या सावकाश. तिकडे पाऊस पूर्ण गेलेला नव्हता. सकाळ धुतल्यासारखी स्वच्छ, दुपारी घाम, आणि चारनंतर पूर्वेला घाटावर ढग जमून गडगडाट. तासभर कोसळला की हवा गार. थंडी नाही, लू नाही. शाल पिशवीतच राहिली. घाम येत नाही असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपली बस्ती ती तिकडची बसदी. मूडबिद्रीत अशा 18 आहेत, म्हणून तिला जैनकाशी म्हणतात. त्रिभुवनतिलक चूडामणी ही सर्वांत मोठी, 1430 ची, लोक हजार खांबांची बसदी म्हणतात. उतरती छपरं एकावर एक. ती शोभेसाठी असावीत असं मला पूर्वी वाटायचं. संध्याकाळच्या पावसात बाजूच्या ओवरीत अडकल्यावर कळलं, एवढं पाणी उतरवायचं तर दुसरं काय करणार. गाभाऱ्यात चंद्रनाथ स्वामींची पंचधातूची उभी मूर्ती. पूर्वी आले तेव्हा गर्दीतून पुढे सरकत दर्शन झालं होतं. आता पुजारी, एक म्हातारे गृहस्थ आणि आम्ही तिघं. अक्का खांबाला टेकून बसल्या त्या दोन तास. कोणी काही विचारलं नाही. मी नवकार म्हणत खांबांवरचं कोरीव काम बघत राहिले. एकासारखा दुसरा खांब सापडत नाही.

षट्खंडागमाच्या धवला टीकेची ताडपत्रं ह्याच गावच्या सिद्धांत बसदीत शतकानुशतकं जपली गेली. त्यांच्या प्रती बाहेर याव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली. छापील धवलेचा पहिला खंड निघाला 1939 साली. आपण घरी स्वाध्यायाला पुस्तक उघडतो ते इथून आलेलं आहे, हे तिथे बसल्यावर वेगळंच वाटतं.

आता जेवण, कारण तुम्ही तेच विचारणार. कांदा-लसूण-बटाटा नको म्हटलं की मोठ्या हॉटेलात तोंड वाकडं होतं. आम्ही उतरलो तिथे स्वयंपाकाला एक बाई होत्या आणि जेवणारे आम्हीच, त्यामुळे सगळं सांगून करून घेता आलं. सूर्यास्त सव्वासहाच्या आतच. त्या साडेपाचला पानं मांडायच्या. नीर डोसा तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. तांदूळ भिजवायचे, वाटायचे, पातळ करून लगेच घालायचे. आंबवणं नाही, शिळं पीठ नाही. सोबत ओलं खोबरं आणि गूळ. उकड्या तांदळाचा जाड भात ह्यांना आवडला नाही, मला आवडला.

ह्या बाई कन्नड आणि तुळू बोलायच्या. आम्हा दोघांना कन्नड येत नाही. अक्कांचं माहेर निपाणीकडचं, त्यांचं बालपण कन्नडमध्येच गेलं. पहिल्या दिवशी मी खुणांनी सांगत होते, ते बघून अक्काच पुढे झाल्या. मग रोज तेच. तांदूळ किती, मीठ कमी करा, उद्या काय. तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरातच बसलेल्या. उडुपीच्या माध्व घरांतही चातुर्मासाचं व्रत असतं, आणि दसऱ्यानंतरच्या एकादशीपासून महिनाभर ‘द्विदल’ म्हणून डाळी वर्ज्य असतात, हे त्यांनीच मला येऊन सांगितलं. आपल्याकडे द्विदल म्हणजे डाळीबरोबर कच्चं दूध-दही-ताक नको. शब्द तोच, नियम वेगळा. ह्यावर दोघींची अर्धा तास चर्चा झाली म्हणे. अक्कांनी अर्धा तास चर्चा केली, ह्याचंच मला अप्रूप.

कार्कळला सकाळी आठच्या आत गेलो, नाहीतर खडक तापतो आणि अनवाणी चढवत नाही. माझे गुडघे म्हणजे गुडघे, तीनदा बसले. बाहुबली 42 फुटांचे, 1432 चे. अंगावर पावसाचे काळे ओघळ अजून ओले होते. समोरच्या टेकडीवर 1586 ची चतुर्मुख बसदी, पलीकडे हिरवेगार घाट. वेणूरच्या 35 फुटी मूर्तीपाशी तर आम्ही तिघंच होतो. वरंगची बसदी तळ्याच्या मधोमध, नावेशिवाय जाता येत नाही, आणि पावसाळ्यानंतर तळं काठोकाठ. नावेत अक्का हळूच म्हणाल्या, “अण्णांना पोहायला फार आवडायचं.” सहा महिन्यांत त्यांनी स्वतःहून काढलेलं हे पहिलं नाव. मी काही बोलले नाही. ह्यांनी उगीच नावाड्याला तळं किती खोल असं विचारलं, तेही मराठीत.

समुद्राला कापूला गेलो. खडकावर 1901 चं दीपगृह, वाळूवर शेंगदाणेवालाही नाही. जेवण लवकर झालेलं असल्यामुळे अंधार पडेपर्यंत नुसतं बसता आलं.

कोजागरी तिथेच झाली. रात्रीचं दूध आपल्याकडे नाहीच, आणि चांदणंही ढगातच राहिलं.

निघायच्या दिवशी त्या बाईंनी कार्कळचा गेला महामस्तकाभिषेक 2015 ला झाला तेव्हा केवढी माणसं आली होती ते सांगितलं, पुढच्याला याच म्हणाल्या. अक्कांनी मला मराठीत सांगितलं, “गर्दीत नको गं. दसरा झाला की येऊ.”