सुट्टा वकील

मी बी. कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं बँकेत कारकुनी करतोय. त्यामुळे जगातला कुठलाही अर्ज मला घाबरतो, असा माझा समज होता. त्या समजाचं घरघंटीनं पीठ केलं. तिनं नीट दळलेली ती एकमेव वस्तू.

ही घरघंटी सौ.नं भिशीच्या पैशातून घेतली, १८,५०० रुपयांना. पहिल्या दिवसापासून आवाज गिरणीचा आणि पीठ रव्यासारखं. दुकानदार म्हणाला, "तुमचा गहूच जाड आहे." मग तो फोन उचलेनासा झाला. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते हे कळलं, तेव्हा वीस महिने उलटले होते.

एका वकीलसाहेबांनी फी सांगितली. तेवढ्यात दुसरी घरघंटी आली असती, वर पोतंभर गहू. पण ग्राहक आयोगात (लोक अजून मंचच म्हणतात) वकील लागतोच असं नाही. १९८६ च्या कायद्यात ही सोय होती, २०१९ च्या कायद्यातही आहे. शिवाय पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. म्हटलं, आपणच लढू! तीन रात्री जागून नऊ पानं लिहिली. त्यात दुकानदाराच्या मिशा होत्या, महाभारत होतं. बिलाची तारीख तेवढी नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या तरुण वकीलताई म्हणाल्या, "काका, सगळी केस कशाला देता? तासभर या. मसुदा तपासून देते, त्याचे पाचशे. अडलात तर पुन्हा या."

म्हणजे राइसप्लेट न घेता नुसती आमटीची वाटी! वकील असा सुट्टाही मिळतो, हे अस्मादिकांना नवीन होतं.

तासाभरात नऊ पानांची दीड झाली. मिशा गेल्या. मग ताईंनी विचारलं, "तुम्हाला नक्की हवंय काय? पैसे परत की नवी घरघंटी?" नऊ पानांत मी हे कुठंच लिहिलं नव्हतं! मी ओशाळलो. खिडकीशी एखादे आजोबा पेन्शनची कहाणी सांगू लागले की मीही हेच विचारतो. फरक इतकाच, की ताईंनी कहाणी संपू दिली होती.

"आणि काका, बिल काकूंच्या नावावर आहे. तक्रारदार त्या. बाई म्हणून त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळू शकतो. १९८७ चा कायदा आहे, बायकांना उत्पन्नाची अट नाही."

"आणि मला?"

"तुम्हाला आहे."

सौ. म्हणाली, "मला वकील नको. बोलता येतं मला. तुम्ही पिशवी धरा."

बोलता येतं, याला मी साक्षीदार आहे. तारखेला हिनं अध्यक्षांपुढं पिठाची बरणी ठेवली आणि म्हणाली, "साहेब, याच्या पोळ्या कुणी लाटून दाखवाव्या." मी आरशासमोर पाठ केलेलं 'माय लॉर्ड' पिशवीतच राहिलं. समोरच्या वकिलांनी गडबडीनं पुढची तारीख मागितली.

निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. आमची चौथी तारीख पुढल्या महिन्यात आहे. ही ताजं पीठ नेणार आहे. ताईंची पाचशेची पावती मी खर्चाच्या मागणीला जोडली आहे, दोन झेरॉक्ससह.