फ्रिजचे गाव

शिकागोहून पश्चिमेला निघालेली आगगाडी अडीच-तीन तासांत गेल्सबर्गला पोहोचते. वाटेत मक्याची शेते, मध्येच धान्याची एखादी उंच कोठी, आणि पुन्हा मका! इलिनॉय राज्यातले हे तीसएक हजार वस्तीचे गाव. कवी कार्ल सँडबर्ग येथेच १८७८ मध्ये जन्मला. त्याचे तीन खोल्यांचे घर लोकांनी जपून ठेवले आहे. बाप रेल्वेच्या लोहारखान्यात राबत होता, हे त्या खोल्या पाहताच पटते. नॉक्स कॉलेजच्या जुन्या इमारतीपुढे १८५८ मध्ये लिंकन आणि डग्लस यांचा वाद रंगला. लिंकन म्हणे खिडकीतून व्यासपीठावर उतरला!

पण मला ओढ होती ती गावातल्या फ्रिजच्या कारखान्याची.

आधी अ‍ॅडमिरल कंपनीचे आणि १९८६ पासून मेटॅगचे फ्रिज येथे तयार होत. या मेटॅगची जाहिरात अमेरिकेत घरोघरी ठाऊक. १९६७ पासून तिच्यात एक दुरुस्तीवाला बिचारा हातावर हात ठेवून बसलेला दिसे. कंपनीचे यंत्र बिघडतच नाही, तर त्याला बोलावणार कोण?

ऑक्टोबर २००२ मध्ये कंपनीने जाहीर केले, की कारखाना बंद होणार आणि काम मेक्सिकोतल्या रेनोसाला जाणार. सुमारे १६०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. आणि गंमत पाहा, त्या वर्षी कंपनी नफ्यात होती! नफा होता, पण तो आणखी हवा होता, एवढेच.

रेनोसा म्हणजे टेक्सासपलीकडचे गाव. रिओ ग्रांदे नदी ओलांडली की आलेच. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा व्यापार करार १९९४ मध्ये अमलात आला आणि तेथल्या कारखान्यांना ऊत आला. गेल्सबर्गला मजुरी ताशी सुमारे १५ डॉलर; रेनोसाला त्याचा लहानसा अंश. तेथल्या मजुरांना बोल लावण्यात मात्र अर्थ नाही. व्हेराक्रूझसारख्या दूरच्या प्रांतांतून तेही पोटासाठीच आलेले.

जुलै २००४ मध्ये बराक ओबामांनी बोस्टनच्या गाजलेल्या भाषणात गेल्सबर्गच्या या कामगारांचा उल्लेख केला. साऱ्या देशाने गावाचे नाव ऐकले. सप्टेंबरात कारखाना बंद झाला तो झालाच.

मग चाळिशी-पन्नाशीतली माणसे वह्या घेऊन वर्गात जाऊन बसली. ज्या कॉलेजात ती शिकली त्याला सँडबर्गचेच नाव आहे. वर्षानुवर्षे फ्रिजची दारे बसवणाऱ्या बाईने रोग्यांची शुश्रूषा शिकायची, ही काय सोपी गोष्ट आहे?

कंपनीला तरी काय लाभले? २००४ आणि २००५, दोन्ही वर्षे तोट्याची गेली. २००६ मध्ये व्हर्लपूलने मेटॅग विकत घेतली. आणि आयोवातल्या न्यूटन गावी, जेथे १८९३ मध्ये ही कंपनी जन्मली, तेथला धुलाईयंत्रांचा कारखानाही २००७ मध्ये बंद पडला.