तळखड्यावरचा मांडव

बेळगावाहून खानापूर, आणि तिथून जांबोटीच्या वाटेला लागलं की लाल मातीच्या भिंतींची घरं दिसू लागतात. त्यातलंच एक माझं माहेर. ऑगस्ट २०१९ च्या पावसात त्याची पश्चिमेची भिंत बसली आणि तीन वर्षं नुसती ताडपत्री टाकून ठेवल्यावर दादाने घर उतरवायचं ठरवलं.

वखारवाला आला, खांबांवर टिचक्या मारून गेला आणि सगळ्या लाकडाचा मिळून एक भाव सांगून मोकळा झाला. दादा तयार होता. आई मात्र टिळकवाडीतल्या घरात बसून एकच विचारत राहिली, "माजघरातली तुळई कुठाय? पाळण्याची कडी आहे तीत." आम्ही पाचही भावंडं त्या कडीला झोपलेलो. झालं, सौदा मोडला.

उतरवायला आलेले मिस्त्री कन्नड बोलणारे. आई ज्याला ऐन म्हणते, त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "अव्वा, इदु मत्ती." दारांच्या चौकटीचं लाकूड त्यांच्या भाषेत होन्ने, आमच्या भाषेत बिबळा. लाकूड तेच, जंगलही तेच! हातोडीने ठोकून त्यांनी प्रत्येक नग तपासला. बद्द आवाज आला तो आत वाळवीने पोखरलेला, टणक वाजला तो घ्यायचा. बाहेरची फिकट साल-बाजू भुंग्याने खाल्ली होती. ती तासून टाकल्यावर आतला काळपट गाभा जसाच्या तसा निघाला.

टेम्पोत शेवटी तळखडे चढले. दादा वैतागला, "हे दगड कशाला?" मिस्त्री हसले. खांब इतकी वर्षं टिकले ते या दगडांमुळेच, लाकडाचा पाय ओल्या मातीला लागलाच नाही. बागेत मांडव घालताना आपण सर्रास खांब खड्ड्यात पुरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो बुडाशी कुजतो. म्हणून टिळकवाडीत परसात चार तळखडे बसवले, त्यांवर चार खांब, वर तुळई आणि वासे. खिळे एकेक उपटले, अळशीच्या तेलाचे दोन हात दिले.

दादाला वाफ्यांच्या कडेलाही जुनं लाकूड हवं होतं. कुठूनतरी स्वस्तात रेल्वेचे काळे स्लीपर मिळत होते. मी हट्टाने नको म्हटलं. डांबरासारखा वास मारणारे स्लीपर क्रिओसोट पाजलेले असतात. ते विष भाजीच्या मातीत कशाला? कडेला घराचीच कौलं उभी रोवली. दिसायला ओबडधोबड, पण चालतं.

आता मांडवावर दोडका चढलाय, एका बाजूने जाई. कडी तशीच आहे. नातवाचा झोपाळा बांधावा असं दादाच्या मनात होतं, पण मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं. हा मांडव आहे, घर नव्हे. धक्के सोसायला भिंती नाहीत.

मग आईने खानापूरच्या कुंभाराकडचं मातीचं परळ आणवलं. सुंभाने कडीला टांगलं. सकाळी त्यात पाणी ओतते आणि चिमण्या येईपर्यंत तिथंच पायरीवर बसून राहते.