माझा सोन्या आणि त्याचं पाणी

मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे. आमच्या कवठे येमाईत घरोघरी गाई, शेळ्या, कोंबड्या दिसतील. मी मात्र मासे पाळले. आठवीची परीक्षा संपल्यावर बाबांनी शिरूरहून दोन गोल्डफिश आणि काचेचं गोल भांडं आणलं. एकाचं नाव सोन्या, दुसऱ्याचं मोती.

पहिले चार दिवस मजेत गेले. येता-जाता मी खाणं टाकायचो. पाचव्या दिवशी पाणी दुधासारखं गढूळ झालं. दोघेही वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. "पोरा, पाणी बदल की," आजी म्हणाली. मी सगळं पाणी ओतून दिलं, भांडं लख्ख घासलं आणि नळाचं ताजं पाणी भरलं. त्याला टीसीएल पावडरचा वास येत होता, पण तिकडे मी लक्षच दिलं नाही. संध्याकाळी मोती उताणा तरंगताना दिसला. मला रडू आवरेना.

आमच्या विज्ञानाच्या बाई गावातच राहतात. मी धावत त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजलं की तो आणखी वाढतो. पाण्यात हळूहळू जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे कमी घातक नायट्रेट करतात. त्याला महिना-दीड महिना लागतो. तू भांडं घासलंस, तेव्हा होते तेवढे जिवाणूही गेले. वर क्लोरीनने कल्ल्यांना इजा झाली."

मग त्यांनी मोबाईलवर ॲक्सोलॉटल या प्राण्याचा फोटो दाखवला. तो मेक्सिको सिटीतल्या शोचिमिल्कोच्या कालव्यांत राहतो. पाय तुटला तर त्याला नवा पाय फुटतो. पण पाणी बिघडलं की तोही हतबल होतो, त्याचे पिसांसारखे कल्ले पुढे वळतात. १९९८ मध्ये तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये सुमारे ३६ उरले. दूषित पाणी आणि बाहेरून आणून सोडलेले मासे ही त्याची मोठी कारणं. त्या माशांत आपल्या उजनीत मिळणारी चिलापीही आहे!

त्या दिवसापासून मी नियम केला. नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवायचं. सगळं पाणी कधीच बदलायचं नाही, एका वेळी फक्त पाव भाग. खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. बाबांनी मोठी टाकी आणि हवेचा पंप आणला. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून टाकी पत्र्याखालून काढून माजघरातल्या गारव्याला ठेवली. लाईट गेली की मी मगाने पाणी उंचावरून हळूहळू सोडतो, म्हणजे त्यात हवा मिसळते. पहिला महिना फार काळजीत गेला. मग पाणी नितळ झालं आणि सोन्या पंख पसरून पोहू लागला.

मोतीची आठवण अजून येते. मासा पाळायचा तर आधी त्याचं पाणी सांभाळावं लागतं, हे मला त्याने शिकवलं. आमच्या भागातली घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीत जातं. सोन्याची टाकी मी बदलू शकतो, नदीतल्या माशांना दुसरी नदी कोण देणार? म्हणून आता नदीत प्लॅस्टिक किंवा निर्माल्य टाकताना कुणी दिसलं, की मी हात जोडून त्यांना थांबवतो.