बँडवाली पोरं आणि बाबासाहेबांचं व्हायोलिन

नंदुरबारच्या आमच्या वस्तीतली पोरं लग्नसराईत बँडमध्ये वाजवतात. एकदा ऐकलेलं गाणं ट्रम्पेटवर लगेच उचलतात. सीझन संपला की पुन्हा मजुरी. परवा एकानं विचारलं, "दादा, नोटेशन कुठं शिकवतात?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीची सुपारी आम्हीही त्यांना देतो. शिक्षण म्हणून मात्र फक्त स्पर्धा परीक्षांचे वर्ग काढतो.

व्हेनेझुएलात १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेउ यांनी सुरू केलेली वाद्यवृंदाची चळवळ गरीब वस्त्यांतल्या मुलांपर्यंत पोचली. सगळ्यांनी मिळून वाजवत शिकायचं, ही तिची रीत. गुस्तावो दुदामेल याच चळवळीत घडला आणि लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला.

"आधी पोट, मग संगीत," असं काही जण म्हणतील. पण बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले, ते काय पोटासाठी? वाजवण्याचं काम जातीनं आपल्यावर लादलं, संगीताची विद्या मात्र दूर ठेवली. ती मिळवणं हाही शिक्षणाचाच हक्क आहे.

म्हणून यंदा विहारात रविवारी वर्ग भरेल. वस्तीतले जुने बँडमास्तर शिकवतील. घरात पडून असलेली वाद्यं आणून द्या.

जय भीम!