जोगाईच्या आंब्याला

मराठीच्या अध्यापकाला अंबाजोगाईची ओढ असतेच. निजामी अमलात या गावाला मोमिनाबाद म्हणत, पण जुन्या मंडळींच्या तोंडी 'जोगाईचा आंबा' कायम राहिला. शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ साली, 'विवेकसिंधु' लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी इथल्या बालाघाटाच्या दरीत आहे. विदर्भातले आंभोरेही त्यांच्यावर हक्क सांगते. पण हे आंब्यात मोठ्याने बोलू नये! दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले ते याच गावी, कापडावर. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आहे.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मी तिथे मावसभावाकडे उतरलो. तो एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याला वाडीवर पोहोचायचे होते. ऊसतोडीचा ट्रॅक्टर निघण्यापूर्वी वर्गातल्या दोन मुलांना उतरवून घ्यायचे होते. एवढ्या लांबच्या फेरीपूर्वी मोटारसायकलचे तेल घरीच बदलण्याची त्याला हुक्की आली.

"दादा, त्यात काय आहे? बोल्ट काढायचा, जुने तेल सोडायचे, बोल्ट लावायचा, नवे ओतायचे!"

त्याच्या पत्नीने नाइलाजाने एक जुनी परात दिली. मी बॅटरी धरून बसलो. तेल भरले, पण बोल्टाखालून थेंब गळतच राहिला. "अजून अर्धा फेरा," म्हणत त्याने पान्यावर जोर दिला, आणि बोल्ट एकाएकी हलका होऊन नुसताच फिरू लागला. आटे गेले!

कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुकान बंद करीत होता. तो आला नि खाली वाकून म्हणाला, "सर, गळती वायसर थांबवती, जोर नाही. जुनी चपटी झाली व्हती, ती बदलायची. बोल्ट पोलादाचा, इंजिन अॅल्युमिनियमचं. जोर केला की मऊ तेच जातं."

"टेप गुंडाळून उद्यापुरते भागेल का?"

"वाटंत तेल सुटलं तर इंजिन जाम व्हईल. मोठे आटे पाडू."

आटे पाडायच्या हत्याराला त्याने ग्रीस फासले, म्हणजे धातूचा कीस त्यालाच चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे घाई न करता काम चालले. मग थोडे तेल ओतून आतला उरला कीस धुऊन काढला, जाड बोल्ट नि नवी वायसर बसवली. रात्रीचे अकरा वाजले. पहाटेचे कारण कळल्यावर तो म्हणाला, "आई-बाप कारखान्यावर गेले की मी आजीपाशी ऱ्हायचो. म्हणून शाळा झाली."

पहाटे निघालो तेव्हा माळावर सीताफळीची झुडपे धुक्यात उभी होती. वाडीबाहेर ट्रॅक्टर लागलेला होता. त्यात भांडी, बांबू, शेळ्या, निजलेली पोरे. इथे नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल घेतली की ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने घर सोडायचे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय असते, पण त्यासाठी मूल मागे राहायला हवे ना!

भावाने बापाला बाजूला घेऊन अर्धा तास विनवले. तिसरीतला मुलगा दप्तर घेऊन खाली उतरला. पाचवीतली बहीण मात्र उतरली नाही. "तान्ह्याला कोण सांभाळील, गुर्जी?" आईने विचारले. यावर भावापाशी उत्तर नव्हते. मुलीने आपली वही तेवढी भावंडाच्या हाती दिली.

ट्रॅक्टर वळणाआड गेला. भावाने सवयीने इंजिनाखाली पाहिले. जमीन कोरडी होती. मग मुलाला पुढे बसवून तो शाळेकडे वळला.

वाचकहो, बीड जिल्ह्यात जाल तेव्हा मुकुंदराजांची समाधी जरूर पाहा, दासोपंतांची पासोडी पाहा. पण दिवाळीच्या आगेमागे गेलात तर एखाद्या वाडीबाहेर पहाटे थोडे थांबा. तिथून जे निघते, त्याची गोडी आपल्या फराळाच्या ताटात उतरलेली असते.